स्क्विड प्रॉक्सीचा सीपीयू चढतो, पानं रखडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कॅशिंग प्रॉक्सी (सगळ्यांचं इंटरनेट ज्यातून जातं आणि जे एकदा आणलेल्या गोष्टी पुन्हा देण्यासाठी साठवतं ते मधलं मशीन) अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. कॉलेजांच्या लॅब, होटगी रोडवरचे क्लासेस, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची ऑफिसं, जुळे सोलापुरातल्या अभ्यासिका. बहुतेक ठिकाणी चित्र एकच: कोपऱ्यात जुना पीसी, त्यावर लिनक्स, त्यावर स्क्विड हा प्रॉक्सीचा प्रोग्रॅम, आणि हे सगळं बसवून देणारा मुलगा आता पुण्यात नोकरीला. मग आम्हाला फोन येतात, व्हॉट्सॲपवर ‘टॉप’चे (सीपीयू कोण किती खातंय ते दाखवणाऱ्या आज्ञेचे) फोटो येतात. स्क्रीनशॉट नव्हे, मोबाइलने काढलेला मॉनिटरचा फोटो, तोही तिरका.

तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सेटिंगची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका. आणि कॉन्फिग फाइलला हात लावण्याआधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा. हे दर वेळी सांगावं लागतं.

१. सीपीयू चढलाय म्हणूनच नेट स्लो आहे ना?

असेलच असं नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे लोक नको तिथे खर्च करतात.

सीपीयू चढलेला आणि पानंही रखडलेली, तर संशय नियमांच्या याद्यांवर (प्रश्न ५), डीबगवर (प्रश्न ६), एचटीटीपीएस उघडून तपासण्यावर (प्रश्न १२) किंवा स्वतःभोवतीच फिरणाऱ्या विनंत्यांवर (प्रश्न १८) घ्या. सीपीयू निवांत आणि पानं मात्र रखडलेली, तर प्रॉक्सी कशाची तरी वाट बघत बसलाय: डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा (प्रश्न ७), डिस्क (प्रश्न ९), संपलेले डिस्क्रिप्टर (प्रश्न १०) किंवा मुळात बाहेरची लाइन. आणि सीपीयू ७० टक्के असून पानं झटक्यात उघडत असतील, तर काहीही बिघडलेलं नाही. मशीन काम करतंय, करू द्या.

२. टॉपमध्ये स्क्विड १०० टक्के दाखवतो, पण मशीनला चार कोअर आहेत. अजून तीन शिल्लक आहेत ना?

मशीनला आहेत, स्क्विडला नाहीत. स्क्विडची मुख्य प्रक्रिया एकाच धाग्यावर चालते. विनंती घेणं, नियम तपासणं, उत्तर पाठवणं हे सगळं एकच कोअर करतो. टॉपमधले १०० टक्के म्हणजे तो एक कोअर भरला. टॉप चालू असताना १ हा आकडा दाबा, चारही कोअर वेगवेगळे दिसतील: एक भरलेला आणि तीन झोपलेले.

म्हणूनच जुन्या चार कोअरच्या जागी सोळा कोअरचं मशीन आणूनही फरक पडला नाही, असं सांगणारे भेटतात. प्रॉक्सीला एका कोअरचा वेग लागतो, कोअरची संख्या नाही. जास्त कोअर कामाला लावता येतात, पण त्याची किंमत आहे. प्रश्न १६ पहा.

त्याच पडद्यावर वरच्या ओळीतल्या दोन-अक्षरी खुणाही वाचा. ‘यूएस’ मोठा असेल तर स्क्विड खरंच हिशेबात गुंतलाय. ‘डब्ल्यूए’ मोठा असेल तर डिस्कची वाट बघतोय. भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर ‘एसटी’ मोठा दिसला, तर तुमच्या वाटणीचा सीपीयू शेजारी वापरतोय आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये काहीही बदललं तरी तो परत मिळणार नाही.

३. वेळ नेमका कुठे जातोय हे कसं कळणार?

स्क्विड स्वतःच सांगतो, फक्त त्याला विचारायला हवं. ‘स्क्विडक्लायंट एमजीआर:इन्फो’ ही जुनी आज्ञा. आवृत्ती ७ पासून स्क्विडक्लायंट काढून टाकलंय, तिथे कर्ल आज्ञेने प्रॉक्सीच्याच ३१२८ पोर्टवर ‘स्क्विड-इंटर्नल-एमजीआर’ खालचं ‘इन्फो’ पान मागवा.

येणाऱ्या लांबलचक मजकुरात ‘मीडियन सर्व्हिस टाइम्स’ हा तुकडा शोधा. शेवटच्या ५ आणि ६० मिनिटांचे आकडे शेजारी शेजारी असतात, सेकंदांत. तीन ओळी महत्त्वाच्या: कॅश हिट (साठवणीतून दिलेलं), कॅश मिस (बाहेरून आणावं लागलेलं), डीएनएस लुकअप. हिटलाच वेळ लागत असेल तर दोष तुमच्या मशीनमध्ये आहे, कारण त्यात बाहेरच्या जगाचा संबंध येत नाही. हिट झटपट आणि मिस हळू, तर लाइन किंवा समोरची वेबसाइट. डीएनएसचा आकडा मोठा, तर थेट प्रश्न ७ वर जा.

एक दिवस सगळं सुरळीत असताना हेच पान मागवून कागदावर लिहून ठेवा. आजारी माणसाचा ताप मोजताना त्याचं नेहमीचं तापमान माहीत असलेलं बरं.

४. ॲक्सेस लॉगमध्ये दुसऱ्या रकान्यात लाखांचे आकडे आहेत. एका पानाला दहा-दहा मिनिटं लागतात का?

नाही. ॲक्सेस लॉग म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंद. त्या रकान्यात मिलिसेकंद असतात हे खरं, पण ओळीत ‘टीसीपी_टनेल’ आणि ‘कनेक्ट’ असं दिसतंय का बघा. एचटीटीपीएससाठी ब्राउझर प्रॉक्सीतून एक बोगदा उघडतो, आणि लॉगमधली वेळ म्हणजे तो बोगदा किती वेळ उघडा होता ती. व्हॉट्सॲप वेब दहा मिनिटं उघडं असेल तर ओळही दहा मिनिटांची. वेग मोजायचा तर या ओळी बाजूला काढून साध्या ‘गेट’च्या ओळी बघा.

५. ब्लॉक करायच्या साइटची मोठी यादी टाकल्यापासून सीपीयू खाली येतच नाही. यादी छोटी करू का?

यादीची लांबी हा गुन्हा नाही, तिचा प्रकार गुन्हा आहे. आमच्याकडे आलेल्या सीपीयूच्या तक्रारींत हे कारण सगळ्यांत वर आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्क्विडमध्ये साइट अडवायच्या दोन वाटा आहेत. ‘डीएसटीडोमेन’ प्रकारात तुम्ही नुसती डोमेनची नावं देता. स्क्विड ती झाडासारख्या रचनेत मांडून ठेवतो आणि लाखभर नावं असली तरी मोजक्या तुलनांत निकाल लावतो. ‘यूआरएल_रेजेक्स’ प्रकारात तुम्ही नमुने देता, आणि पत्ता कुठल्याच नमुन्यात बसत नाही हे ठरवायला सगळे नमुने तपासावे लागतात. बहुतेक विनंत्या निर्दोषच असतात, म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण यादी पालथी घातली जाते. एका पानामागे शंभर विनंत्या, लॅबमध्ये साठ पीसी, यादीत पाच हजार नमुने. आता गुणाकार तुम्हीच करा.

लोक कुठूनतरी यादी उतरवून घेतात आणि ती साधी डोमेनची यादी असूनही रेजेक्सच्या नियमाला जोडतात. चालते, म्हणून कळत नाही. शिवाय रेजेक्समध्ये टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’, आणि नमुना नावाच्या मध्येही जुळतो. एका टॉवेल निर्यातदाराकडे सोशल मीडिया बंद करायला यादीत ‘एक्स.कॉम’ लिहिलं होतं. त्याने ‘फेडेक्स.कॉम’सुद्धा अडलं, आणि परदेशी पाठवलेल्या नमुन्यांचं कुरिअर कुठवर पोचलं ते दोन दिवस कुणाला बघता येईना. दोष कुरिअरवाल्याच्या वेबसाइटला दिला गेला.

तर करायचं असं. डोमेनची नावं सगळी डीएसटीडोमेनमध्ये हलवा. नावाआधी टिंब दिलं की त्याची उपडोमेनही त्यात आली. मुख्य नाव आणि उपनाव दोन्ही यादीत असतील तर स्क्विड कॅश लॉगमध्ये (त्याच्या स्वतःच्या तक्रारींच्या फाइलमध्ये) कुरकुरतो, उपनाव काढून टाका. रेजेक्समध्ये उरतील ते दहा-वीस नमुने. त्यांतही पत्त्याच्या आतल्या भागावर (फाइलचं नाव, शोधलेला शब्द) लिहिलेले नमुने आज बहुधा निरुपयोगी आहेत, कारण एचटीटीपीएसमध्ये स्क्विडला फक्त साइटचं नाव आणि पोर्ट दिसतो. ते नमुने कधी जुळत नाहीत, सीपीयू मात्र खातात.

शेवटची गोष्ट क्रमाची. एका एचटीटीपी_ॲक्सेस ओळीतल्या (परवानगी देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या ओळीतल्या) अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातात आणि पहिली न जुळणारी अट आली की ती ओळ तिथेच सोडली जाते. नियम फक्त लॅबसाठी असेल तर लॅबचा आयपी आधी आणि रेजेक्स नंतर लिहा. म्हणजे ऑफिसच्या पीसींना ती यादी मोजावीच लागत नाही.

खात्री करायची तर ‘पर्फ टॉप’ (सीपीयू कुठल्या फंक्शनमध्ये जातोय ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. सगळ्यांत वर रेजेक्सशी संबंधित फंक्शनची नावं असतील तर चोर सापडला.

६. कॅश लॉग रोज काही जीबीने वाढतोय आणि मशीन रडतंय. व्हायरस आहे का?

‘डीबग_ऑप्शन्स’ची ओळ बघा. नेहमीची पातळी ‘ऑल, १’. कुणी दोष शोधताना ती ९ वर नेली आणि तशीच राहिली, तर स्क्विड प्रत्येक श्वासाची नोंद करत बसतो. हे ‘कुणी’ म्हणजे एकदा मीच होतो. शनिवारी संध्याकाळी ९ केलं, घरी गेलो, सोमवारी सकाळी डिस्क भरलेली आणि फोन वाजत होता.

७. पहिल्यांदा साइट उघडताना बरोबर पाच सेकंद काहीच होत नाही, मग एकदम उघडते. दुसऱ्यांदा लगेच उघडते. असं का?

‘बरोबर पाच सेकंद’ असं कुणी म्हटलं की आम्हाला बरं वाटतं, कारण निदान झालेलं असतं. स्क्विड डीएनएसला नाव विचारतो आणि उत्तर आलं नाही तर पाच सेकंदांनी पुन्हा विचारतो. तुमच्या यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला आहे. दुसऱ्याकडून उत्तर येतं, ते स्क्विड लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा साइट लगेच उघडते. सगळेच डीएनएस बंद असतील तर तो ३० सेकंदांनी हात टेकतो आणि वापरणाऱ्याला एररचं पान दिसतं.

कसं होतं हे? नेटवाला बदलला, राउटर बदलला, पण स्क्विडच्या ‘डीएनएस_नेमसर्व्हर्स’ ओळीत जुन्या नेटवाल्याचा पत्ता तसाच. किंवा ती ओळच नाही आणि स्क्विडने सुरू होताना सिस्टिमच्या ‘रिझॉल्व्ह’ फाइलमधून पत्ता उचलला. फाइल नंतर बदलली, स्क्विडला कुणी सांगितलंच नाही. त्याच मशीनवर ‘डिग’ लावून प्रत्येक डीएनएसला वेगवेगळं विचारा. जो उत्तर देत नाही त्याला काढा आणि ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’ (कॉन्फिग पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा) द्या.

पन्नासच्या वर पीसी असतील तर त्याच मशीनवर अनबाउंड किंवा डीएनएसमास्कसारखा छोटा डीएनएस कॅश बसवा आणि स्क्विडला तोच पत्ता द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे लागत नाहीत.

एक छुपा दोष इथेच सांगतो. नियमांमध्ये ‘डीएसटी’ (डोमेन नव्हे, नुसतं डीएसटी) वापरलं असेल तर त्यात आयपी तपासायचा असतो, म्हणजे परवानगी देण्याआधीच डीएनएसची फेरी. ‘एसआरसीडोमेन’ तर वापरणाऱ्या पीसीच्या आयपीवरून उलटं नाव शोधतो. लॅबमधल्या खासगी आयपींना अशी नावं क्वचितच दिलेली असतात, त्यामुळे प्रत्येक नवा पीसी उगाच थांबतो.

८. रॅम ८ जीबी आहे म्हणून कॅश_मेम ७ जीबी दिलं. आता आधीपेक्षा स्लो झालं. का?

कारण कॅश_मेम म्हणजे स्क्विडची एकूण रॅम नव्हे. तो फक्त वस्तू ठेवायचा कप्पा आहे (न सांगता तो २५६ एमबी असतो). त्याशिवाय डिस्कवरच्या कॅशची सूची रॅममध्ये राहते, ६४ बिटच्या मशीनवर दर जीबी डिस्ककॅशमागे साधारण १४ एमबी. १०० जीबीचा कॅश ठेवलात तर १.४ जीबी नुसती सूचीच. वर चालू जोडण्या, मदतनीस प्रक्रिया, लिनक्सचं स्वतःचं पोट. बेरीज ८ च्या पुढे गेली की मशीन स्वॅपवर जातं (रॅमचं काम डिस्कवर करू लागतं), आणि स्वॅपवर गेलेला प्रॉक्सी हा प्रॉक्सी नसल्यापेक्षा वाईट.

‘इन्फो’ पानावर ‘पेज फॉल्ट्स विथ फिजिकल आय-ओ’ हा आकडा वाढत असेल तर हेच चाललंय. ८ जीबीच्या मशीनवर २ जीबी कॅश_मेम पुष्कळ झालं.

९. डिस्कचा दिवा सतत पेटलेला आणि टॉपमध्ये डब्ल्यूए चाळीस. एसएसडी टाकली की सुटेल?

बहुधा सुटेल, पण आधी फुकटचे उपाय. ‘कॅश_डिर’च्या ओळीत ‘यूएफएस’ लिहिलंय का बघा. त्यात डिस्कचं वाचन-लेखन मुख्य प्रक्रियाच करते, म्हणजे डिस्क अडली की सगळे अडले. त्याऐवजी ‘एयूएफएस’ लिहिलं तर ते काम वेगळ्या धाग्यांकडे जातं. डिस्क माउंट करताना ‘नोएटाइम’ द्या. कॅशला अख्खं पार्टिशन देऊ नका, वीसेक टक्के मोकळं सोडा. डिस्क म्हातारी झाली आहे का हे ‘स्मार्टसीटीएल’ सांगेल. लॉगमध्ये ‘टीसीपी_स्वॅपफेल_मिस’ वारंवार दिसत असेल, तर सूचीत आहे पण डिस्कवरून वाचता येत नाही असा त्याचा अर्थ.

आणि प्रामाणिक प्रश्न: डिस्क कॅश हवाच आहे का? प्रश्न ११ वाचून ठरवा. कित्येक ठिकाणी कॅश_डिरची ओळ बंद करून आम्ही नुसत्या रॅमवर चालवलंय आणि कुणाला फरक कळला नाही, फक्त मशीन शांत झालं.

१०. सकाळी दहा पीसींवर मस्त चालतं, सगळी लॅब भरली की सगळेच लटकतात. सीपीयू तर वीस टक्केच आहे.

कॅश लॉगमध्ये ‘रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स’ शोधा. प्रत्येक जोडणीला एक डिस्क्रिप्टर (लिनक्सने दिलेला क्रमांक) लागतो, आणि प्रॉक्सीला एका विनंतीमागे दोन: एक ब्राउझरच्या बाजूचा, एक वेबसाइटच्या बाजूचा. क्रोम एका प्रॉक्सीशी जास्तीत जास्त ३२ जोडण्या उघडतो. चाळीस पीसींचे १,२८०, दुप्पट करून २,५६०. आणि कित्येक लिनक्सवर मर्यादा असते १,०२४. संपली की स्क्विड नवी जोडणी घ्यायचं थांबतो.

‘मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स’ १६,३८४ करा. पण सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमधली ‘लिमिटएनओफाइल’ मर्यादाही वाढवा, नाहीतर कॉन्फिगमधला आकडा कागदावरच राहतो. वाढली की नाही हे ‘इन्फो’ पानावर दिसतं.

एकाच पीसीवर पंचवीस टॅब उघडल्यावर फक्त तोच लटकत असेल आणि ब्राउझर प्रॉक्सी टनेलची वाट बघतोय असं खाली दिसत असेल, तर तो ३२ चा बांध ब्राउझरचा आहे. त्याला सर्व्हरवर इलाज नाही.

११. हिट रेशो दोन-तीन टक्केच येतो. प्रॉक्सी बिघडला का?

प्रॉक्सी तोच आहे, जग बदललं. स्क्विड १९९६ मध्ये आला तेव्हा वेब साध्या एचटीटीपीवर होतं आणि कॅशची चैन होती. आज बहुतेक रहदारी एचटीटीपीएसच्या बंद पाकिटातून जाते. स्क्विड पाकीट पोचवतो, आत बघू शकत नाही, साठवूही शकत नाही. कॅशचा खरा उपयोग उरलाय तो लिनक्सच्या पॅकेजेसना आणि विंडोज अपडेटच्या साध्या एचटीटीपीवरून येणाऱ्या मोठ्या फाइलींना.

त्यातही एक खोच आहे. विंडोज अपडेट फाइल तुकड्या-तुकड्यांनी मागतं, आणि स्क्विड असे तुकडे साठवत नाही. त्यावर उपाय म्हणून ‘रेंज_ऑफसेट_लिमिट’ पूर्ण उघडं सोडायचा सल्ला फिरत असतो. तसं केलं की कुणी एक तुकडा मागितला तरी स्क्विड अख्खी फाइल ओढू लागतो. ही सूट फक्त अपडेटच्या डोमेनपुरती द्या. आणि ‘मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइज’ वाढवा, कारण न सांगता ती ४ एमबीच असते: अख्खी फाइल ओढायची आणि मोठी म्हणून फेकून द्यायची, असा उद्योग चालतो. ही ओळ कॅश_डिरच्या ओळीच्या वर लिहा.

१२. एचटीटीपीएस उघडून तपासायचं सेटिंग चालू केलं आणि सीपीयू तिप्पट झाला. नॉर्मल आहे का?

हो. एसएसएल बंपमध्ये (तुमच्या या सेटिंगचं नाव) प्रत्येक जोडणी दोनदा उलगडायची आणि गुंडाळायची असते, शिवाय प्रत्येक साइटसाठी नवं प्रमाणपत्र बनवायचं असतं. फक्त साइटचं नाव बघून अडवायचं असेल तर ‘पीक’ करून ‘स्प्लाइस’ करा: नाव वाचायचं आणि पाकीट न उघडता पुढे सोडायचं. बँकांच्या साइट तर कधीच उघडू नका. तिथे सीपीयूचा नाही, विश्वासाचा प्रश्न येतो.

१३. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार स्लो, संध्याकाळी आपोआप ठीक. लोड तर तेवढाच असतो.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आत पत्र्याखालच्या केबिनमध्ये बंद कपाटात पीसी. सीपीयू ठरावीक तापमानापुढे गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग तेवढ्याच कामाला टक्केवारी जास्त दिसते आणि पानं रखडतात. ‘डीमेसेज’मध्ये (डी-एम-ई-एस-जी, लिनक्स कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) तापमान मर्यादेबाहेर गेलं, क्लॉक कमी केला अशा अर्थाच्या ओळी येतात. ‘सेन्सर्स’ आज्ञा आकडा दाखवते.

यंत्रमागांशेजारच्या ऑफिसांत आणखी एक भर. एका ठिकाणी हीटसिंक उघडला तर पंख्याखाली सुताच्या धुळीची जाडजूड गादी बसलेली, निम्मी चादर विणून झाली असती. ब्लोअरने साफ केली, थर्मल पेस्ट बदलली, कपाटाचं दार काढून टाकलं. कॉन्फिगमधल्या एका अक्षरालाही हात लागला नाही.

१४. लाइट जाऊन आली की पुढचा अर्धा तास प्रॉक्सी मंद असतो. का?

अचानक बंद पडल्यामुळे स्क्विडला कॅशची सूची नीट मिटवता येत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर तो कॅश लॉगमध्ये ‘रीबिल्डिंग स्टोरेज’ आणि कंसात ‘डर्टी लॉग’ असं लिहितो आणि सूची नव्याने पडताळत बसतो. कॅश जितका मोठा, डिस्क जितकी जुनी, तितका वेळ. यूपीएस आहे असं सगळे म्हणतात. बॅटरी किती वर्षांची आहे विचारलं की गप्प होतात. पाच मिनिटांचा बॅकअप आणि बॅटरी उतरण्याआधी मशीन नीट बंद करणारी केबल एवढं पुरे.

हाताने बंद करतानाही ‘किल -९’ मारू नका, परिणाम तोच. नीट बंद करताना स्क्विड चालू जोडण्यांसाठी ३० सेकंदांपर्यंत थांबतो. तो अडकलेला नसतो.

१५. रात्री लॅबला कुलूप, तरी सीपीयू नव्वद. कोण वापरतंय?

ॲक्सेस लॉगचा तिसरा रकाना काढा, मोजा, उतरत्या क्रमाने लावा. तुमच्या १९२.१६८ वाल्या पत्त्यांऐवजी जगभरचे आयपी दिसले तर तुमचा ३१२८ पोर्ट रस्त्यावर उघडा आहे आणि अनोळखी लोक तुमच्या लाइनवरून वाटेल ते करतायत. आधी फायरवॉलमध्ये बाहेरून येणारा ३१२८ बंद करा, मग कॉन्फिगमध्ये शेवटची एचटीटीपी_ॲक्सेस ओळ ‘डिनाय ऑल’ आहे ना ते बघा. हे उद्यावर ढकलू नका. त्यांनी केलेल्या उद्योगांवर आयपी तुमचा असतो.

आतलाच एखादा पीसी सगळ्यांत वर असेल आणि त्याच्या ओळी ‘टीसीपी_डिनाइड’ आणि ४०७ अशा असतील, तर त्या पीसीवरचा कुठलातरी प्रोग्रॅम पासवर्ड न देता सेकंदाला दहादा दार ठोठावतोय. एखादा अपडेटर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर किंवा खरोखरच मालवेअर. पत्ता बघून प्रोग्रॅम ओळखा. आणि मध्यरात्री वेग घेणारं नाव ‘स्क्विड’ नसून लॉगचा अहवाल बनवणारा प्रोग्रॅम निघाला, तर तो क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) आहे. रात्रीच चालू द्या.

१६. मग वर्कर्स चार करून टाकू का?

वर्कर म्हणजे स्क्विडच्या एकाच वेळी चालणाऱ्या मुख्य प्रक्रिया. आवृत्ती ३.२ पासून ते जमतं. पण प्रश्न ५ आणि ७ तपासल्याशिवाय नको, नाहीतर एक कोअर वाया जात होता ते चार जातील. वर्कर वाढवले की यूएफएस आणि एयूएफएस कॅश त्यांना वाटून घेता येत नाही, ‘रॉक’ प्रकार वापरावा लागतो. पासवर्ड तपासणारे मदतनीस प्रत्येक वर्कर स्वतःचे वेगळे उठवतो, म्हणजे रॅमही चौपट. डिले पूलही (वेगावरचे बांध) वाटले जात नाहीत. दर वर्करची मर्यादा वेगळी. एक कोअर लिनक्ससाठी राखून ठेवा.

१७. दर दहा मिनिटांनी सगळ्यांचं नेट दोन-चार सेकंद थांबतं. घड्याळ लावून बघितलं.

घड्याळ लावलंत हे उत्तम. क्रॉनमध्ये दर दहा मिनिटांनी ‘रीकॉन्फिगर’ देणारी ओळ आहे का बघा, बहुधा ब्लॉकयादी ताजी करायला. त्या वेळी स्क्विड सगळ्या याद्या पुन्हा वाचतो, मदतनीस पुन्हा उठवतो, आणि तोवर नव्या लोकांना ताटकळत ठेवतो. यादी खरंच बदलली असेल तरच, आणि रात्री एकदा, एवढं पुरे होतं.

१८. ब्राउझरमध्ये काही न भरता सगळ्यांना प्रॉक्सीवर वळवलं. आता सीपीयू शंभर आणि एकही पान उघडत नाही.

कॅश लॉगमध्ये ‘फॉरवर्डिंग लूप डिटेक्टेड’ असेल. तुम्ही सगळी रहदारी स्क्विडकडे वळवली, त्यात स्क्विड स्वतः बाहेर पाठवतो तीही. तो विनंती पाठवतो, ती फिरून त्याच्याकडेच येते. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) स्क्विडच्या युजरची रहदारी सर्वांत आधी मोकळी सोडा आणि वळवण्याचा नियम त्याखाली ठेवा. वळवलेल्या रहदारीसाठी ३१२८ सोडून वेगळा पोर्ट ‘इंटरसेप्ट’ म्हणून द्या, आणि त्या पोर्टला बाहेरून कुणी थेट जोडू शकणार नाही असं करा.

१९. सीपीयू शांत, डीएनएस ठीक, डिस्क ठीक, डिस्क्रिप्टर भरपूर. लाइनला थेट लॅपटॉप लावला तर फास्ट, प्रॉक्सीतून मात्र सगळ्यांना सारखाच स्लो. आता काय?

‘सारखाच’ हा शब्द महत्त्वाचा. कॉन्फिगमध्ये ‘डिले_पूल्स’ शोधा. पूर्वी २ एमबीची लाइन होती तेव्हा कुणीतरी दरडोई वेग बांधून दिला होता. लाइन १०० ची झाली, बांध तसाच. अशा दोन ओळी काढल्यावर ‘नवीन सर्व्हर टाकला का?’ असं विचारणारे प्राध्यापक आम्ही पाहिलेत.

डिले पूल नसतील तर आयपीव्ही६ बघा. लाइनवर ते अर्धवट आलं असेल तर स्क्विड आधी त्या वाटेने जाऊन ताटकळतो. आवृत्ती ५ पासून दोन्ही वाटा जवळपास एकदम आजमावल्या जातात, म्हणून जुनी आवृत्ती असेल तर बदलाच. तेही नसेल तर ‘डीमेसेज’मध्ये ‘कॉनट्रॅक टेबल फुल’ (चालू जोडण्यांची नोंदवही भरली) शोधा. आणि शेवटी नेटवर्क केबल. दोनदा असं झालंय की गिगाबिटचं कार्ड खराब क्रिंपिंगमुळे १० वर घसरलेलं होतं. ‘ईथटूल’ने वेग दिसतो.

२०. हे सगळं झालं, तरी सुटत नाही. तुम्हाला फोन करताना काय हाताशी ठेवू?

स्क्विडची आवृत्ती, त्रास चालू असतानाचं ‘इन्फो’ पान (नंतरचं नको, नंतर सगळं ठीकच दिसतं), कॅश लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी, आणि टिप्पणीच्या ओळी काढलेली कॉन्फिग फाइल. पासवर्ड खोडून पाठवा. त्रास कधीपासून सुरू झाला हे विचारल्यावर ‘असंच अचानक’ असं उत्तर येतं. त्या आठवड्यात नेटवाला आला होता का, यादी बदलली का, कुणी खुर्ची सरकवताना वायर ओढली का, एवढं आधी ऑफिसात विचारून घ्या. आणि स्क्रीनशॉट पाठवा, फोटो नको.